पडदा बदलायचा की पडदा लावायचा? कर्वेनगरमधल्या एका निळ्या टीव्हीचं प्रकरण

काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जुलै २०२५ मध्ये झालं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते काळा गॉगल लावून माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "अरे, टीव्ही निळा दिसतोय."

मी हातातलं सोल्डरिंग न थांबवता विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, थोडे दिवस सगळंच जरा निळं दिसेल."

"मग झालं तर," मी म्हणालो.

या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती माझी. पुण्याच्या कर्वेनगरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतोय त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. गिऱ्हाईक काय सांगतंय ते आधी जाऊन बघायचं आणि मग तोंड उघडायचं, हे मी हाताखालच्या पोरांना शिकवतो. काकांच्या बाबतीत उलटं केलं, कारण त्यांच्या तक्रारीला एक आयतं कारण हजर होतं.

कारण खोटंही नव्हतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट आणि पुढे तपकिरी होत जातं, आणि निळा प्रकाश तिथेच अडतो. हे इतकं हळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. मेंदू त्या पिवळ्यालाच पांढरं मानून चालतो. ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं, की वर्षानुवर्षं अडलेला निळा एकदम आत येतो. काकांचा डावा डोळा अजून जुनाच होता. त्यामुळे डावा झाकला की भिंत चुन्याची आणि उजवा झाकला की तीच भिंत तुपाची, असं ते स्वतःच सांगायचे.

पण डोळा निळा दाखवत असेल तर तो सगळंच निळं दाखवेल. भिंत, दूध, वर्तमानपत्र, सगळं सारखंच. काका म्हणत होते टीव्ही निळा दिसतोय, आणि नंतर खोदून विचारल्यावर कळलं की त्यातही वरचा डावा कोपरा जास्त. टीव्हीचा वरचा डावा कोपरा कुठला, हे डोळ्यातल्या भिंगाला कसं कळणार? हा एक प्रश्न ऑगस्टमध्ये विचारला असता तर निदान काकांचा सामना तरी वाचला असता.

सामन्याची रात्र

२८ सप्टेंबर, रविवार. दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. घरात घट बसलेले, मुलगा, सून आणि नात वाकडहून जेवायला आलेली. १४६ च्या पाठलागात भारताचे तीन गडी २० धावांत गेले आणि त्याच सुमारास टीव्हीचा उजेडही गेला. आवाज मात्र ठणठणीत. काकांनी बंद करून पुन्हा लावला. पडदा उजळला, मिनिटभर टिकला, पुन्हा काळा. पंधरा मिनिटं थांबून लावला की दोन मिनिटं चित्र, मग अंधार. नातीने मोबाइल पुढे केला, तर काका म्हणाले, एवढ्याशा पडद्यावर चेंडू दिसत नाही, त्यापेक्षा ऐकतो. तिलक वर्माच्या नाबाद ६९ धावा त्या घराने रेडिओवर ऐकाव्यात तशा ऐकल्या.

सोमवारी अधिकृत सेवा केंद्राचा माणूस येऊन गेला. त्याने टीव्ही उघडलाही नाही. "पॅनेल गेलंय" म्हणाला आणि नव्या टीव्हीच्या जवळपास पाऊण किमतीचा आकडा सांगितला. हा आकडा ऐकून माणूस नवा टीव्हीच घेतो, आणि बहुधा आकड्याचा हेतूही तोच असतो. मुलाचा युक्तिवाद तयार होता. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. म्हणजे करापूर्वी ३०,००० चा टीव्ही ३८,४०० ऐवजी ३५,४०० ला. "बाबा, तीन हजार वाचतायत, दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊन टाकू." काकांचं म्हणणं, न घेतला तर पस्तीस हजार वाचतायत. आणि मग मला फोन.

मी गेलो, हॉलचे दिवे बंद करायला सांगितले, टीव्ही लावला. आवाज आला, चित्र नाही. मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरला. त्या उजेडाच्या गोलात बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा पुसट, भुतासारखा दिसला. नात म्हणाली, "म्हणजे चित्र आहे!" चित्र होतंच. टीव्ही ते इमानदारीने काढत होता, फक्त त्याच्यामागचा दिवा लागत नव्हता. पॅनेल शाबूत, बॅकलाइट गेलेला. अर्ध्या मिनिटाचं काम, खर्च शून्य. "आवाज आहे, चित्र नाही" अशी तक्रार असेल तर हे घरी कुणीही करून बघावं. पुढचं मात्र घरी करू नये. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथेच दबा धरून बसतो.

निळ्याचा विषय तेव्हा पुन्हा निघाला, आणि पुरावा नातीच्या मोबाइलमध्ये निघाला. ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, काका दिवसभर विसर्जन मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण लावून बसले होते, तेव्हा तिने त्यांचा पाठमोरा फोटो काढला होता. समोर पडद्यावर मिरवणूक, आणि पडद्याचा वरचा डावा कोपरा जांभळट निळा. कॅमेऱ्याला मोतीबिंदू नव्हता.

उघडल्यावर

टीव्ही ४३ इंची, २०१८ च्या दिवाळीत घेतलेला. पाठीमागून सरळ उजेड टाकणाऱ्या जातीचा, ज्याला आमच्याकडे डायरेक्ट म्हणतात. आत आठ-आठ एलईडींच्या चार आडव्या पट्ट्या. एकूण ३२ दिवे, प्रत्येकाला साधारण तीन व्होल्ट, सगळे एकामागोमाग एक जोडलेले. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ जाते, तसंच. माळ तुटली की ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारं सर्किट, व्होल्टेज वाढवून बघतो, प्रवाह वाहत नाही म्हटल्यावर स्वतःला आणि बाकीच्यांना वाचवायला बंद होतो. म्हणून बत्तीसपैकी एक गेला तरी पडदा पूर्ण काळा.

या कामात धोक्याची पायरी एकच, काचेचं पॅनेल उचलायची. पापड लाटून वाळत घालताना तो हातावर जसा सांभाळावा लागतो, तसं ते दोघांनी चोषकांनी, म्हणजे सक्शन कपांनी, धरून, जराही न वाकवता उचलायचं. कडेला चिकटलेल्या फिती केसाइतक्या नाजूक. त्यातली एक दुखावली की मग पॅनेल खरंच गेलं. त्याखाली प्रकाश पसरवणाऱ्या शीट्सची चवड. त्यांचा क्रम आणि बाजू बदलायची नाही, बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा नंतर चित्रावर ढगासारखा दिसतो.

एलईडी टेस्टरने एकेक दिवा तपासला. सगळ्यात वरच्या पट्टीतला डावीकडून दुसरा मेलेला. त्यातली आतली बारीक तार गार असताना टेकत होती आणि तापली की सुटत होती; सामन्याच्या रात्री टीव्ही पंधरा मिनिटं विश्रांती घेऊन दोन मिनिटं का चालायचा, त्याचं उत्तर ते. त्याच्या शेजारचे तीन दिवे लागत होते, पण पांढरे नव्हे, जांभळट निळे. तिसऱ्या पट्टीवर एका दिव्याची प्लास्टिकची लेन्स गळून खाली पडली होती. लेन्स नसली की उजेड पसरत नाही, पडद्यावर तिथे पांढरा ठिपका दिसतो. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, तो डाग ना? मी रोज पुसते ओल्या फडक्याने. जातच नाही मेला."

म्हणजे टीव्ही गेले कित्येक महिने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगत होता. एक तऱ्हा डोळ्याच्या खात्यावर गेली, एक फडक्याच्या.

पांढरा दिवा निळा का होतो

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गंमत इथे आहे.

पांढरा एलईडी असा काही नसतोच. असतो तो निळा. त्या निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर थापलेला असतो. थोडा निळा त्यातून तसाच निसटतो, बाकीच्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. निळा एलईडी करणं हेच मुळात अवघड होतं. लाल आणि हिरवे दिवे आधीपासून होते. भरपूर उजेडाचा निळा १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी केला आणि त्यावर फॉस्फर लावून पांढरा त्याच कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणला. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते या निळ्यासाठी. काकांच्या हॉलमध्ये तोच निळा उघडा पडला होता. वर्षानुवर्षं तापून फॉस्फर आणि त्याला धरून ठेवणारं सिलिकॉन करपलं, तडकलं, आणि आतला मूळ दिवा दिसायला लागला. भांड्याची कल्हई उडाली की आतलं तांबं दिसतं तसं.

करपलं का, याचं उत्तर प्रकाशाच्या हिशेबात आहे. एलसीडी पॅनेल हा प्रकाशाचा फार मोठा उधळ्या. पहिला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी शीट, निम्म्याहून जास्त उजेड खातो. मग रंगांच्या गाळण्या: लाल ठिपक्यापुढची गाळणी हिरवा-निळा गिळते, हिरव्यापुढची लाल-निळा, इथे दोन-तृतीयांश गेला. ठिपक्यांमधली काळी जाळी आणखी थोडा घेते. मागे लावलेल्या उजेडापैकी शंभरातले पाच-सात भाग बाहेर पडतात. पडदा ३०० निटने (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजळायचा असेल, तर मागे पाच-सहा हजार निटचा उजेड कोंडून ठेवावा लागतो. बाकीची उष्णता.

आणि काकांच्या घरी ती उष्णता जायला जागा नव्हती. सुताराने टीव्हीच्या मापाचा सुंदर बंद कोनाडा करून दिला होता, वर-खाली मिळून दोन इंच मोकळे. गरम हवा वर चढते म्हणून वरची पट्टी आधी भाजली, आणि डाव्या बाजूला मागे पॉवर सप्लायचा बोर्ड होता म्हणून त्यातही डावीकडची. घेतल्या दिवसापासून चित्राचा प्रकार ‘व्हिव्हिड’, बॅकलाइट १००. दुकानात तसाच लावलेला होता, घरी कुणी बदलला नाही. दिवसाला दहा तास धरले, सकाळी काकांच्या बातम्या आणि संध्याकाळी काकूंच्या मालिका, तर सात वर्षांत पंचवीस हजार तास पूर्ण आवाजात गायलेला दिवा. कुणाचाही घसा बसेल.

या घरातल्या टीव्हींचा इतिहास मला बराचसा ठाऊक आहे. पहिला कृष्णधवल, लाकडी पेटीतला, ज्याचा अँटेना पुण्यातल्या बाकी सगळ्या अँटेनांसारखा सिंहगडाकडे तोंड करून उभा असे. तो आणि त्यानंतरचा रंगीत, दोन्ही पिक्चर ट्यूबचे. त्यांना मागचा दिवा नव्हताच, काचेवरचा फॉस्फर स्वतः चमकायचा. २००९ मध्ये ३२ इंची एलसीडी आला. त्याच्या पोटात बारीक, पेन्सिलीहून बारीक अशा डझनभर ट्यूबलाइट होत्या. आत पाऱ्याची वाफ, आणि पेटवायला हजार व्होल्टच्या आसपास दाब देणारा इन्व्हर्टर. तो इन्व्हर्टर मीच दुरुस्त केला होता. त्या ट्यूबा म्हाताऱ्या झाल्या की चित्र गुलाबी-तांबूस व्हायचं. एलईडी म्हातारे झाले की निळं होतं. आजोबा लाल होऊन भांडायचे, बाबा थंडपणे, असं मी पोरांना सांगतो.

२००९ हे साल आणखी एका कारणाने लक्षात आहे. त्या वर्षी सॅमसंगने ट्यूबांऐवजी एलईडी लावलेले पातळ टीव्ही ‘एलईडी टीव्ही’ या नावाने विकायला काढले आणि ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने हे नाव लोकांची दिशाभूल करतं असा निर्णय दिला, कारण पुढे पॅनेल एलसीडीचंच होतं. नाव तरीही रुजलं ते रुजलंच. आजही दुकानात रोज एक माणूस विचारतो, "आमचा एलसीडी आहे की एलईडी?" मी म्हणतो, दोन्ही. त्याला वाटतं मी पुणेरी उत्तर दिलं.

मुलाने आणलेले तीन पर्याय

मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, कुठलीही गोष्ट तक्त्याशिवाय ठरवत नाही. त्याने दुकानं फिरून तीन पर्याय आणले: ओएलईडी, मिनी-एलईडी आणि साधा. मला म्हणाला, "दादा, तुम्ही दुरुस्तीवाले आहात, तुम्ही दुरुस्तीच सांगणार." रास्त शंका. म्हणून मी तिन्हींबद्दल जे बोललो ते इथे लिहितो.

ओएलईडीत मागचा दिवा नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळं म्हणजे खरंच काळं. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सांगेन. पण काका सकाळी तीन-चार तास बातम्या लावतात. खाली धावणारी पट्टी, कोपऱ्यात न हलणारं बोधचिन्ह, मध्ये लाल चौकट. ओएलईडीचे ठिपके जितके जास्त पेटतात तितके लवकर थकतात, आणि एकाच जागचे ठिपके रोज थकले की तिथे कायमचा ठसा उरतो. मराठी बातम्यांची वाहिनी ही ओएलईडीसाठी वाळवीच. नव्या संचांत ठिपके सरकवण्याच्या युक्त्या असतात, पण या घराची सवय बघता मी धजावलो नसतो.

मिनी-एलईडी म्हणजे काकांच्याच टीव्हीचा श्रीमंत नातू. बत्तीस मोठ्या दिव्यांऐवजी हजारो बारीक दिवे, आणि त्यांचे शेकडो स्वतंत्र गट. चित्रात जिथे रात्र आहे तिथला गट मंद, जिथे पणती आहे तिथला प्रखर. टीसीएलने २०१९ मध्ये असा पहिला टीव्ही विकायला आणला, २०२१ मध्ये सॅमसंग आणि एलजी आले. यातल्या बऱ्याच संचांत फॉस्फरऐवजी क्वांटम डॉटची शीट असते: निळा दिवा निळाच ठेवायचा, आणि वरच्या शीटमधल्या नॅनो कणांनी त्यातला काही शुद्ध हिरवा, काही शुद्ध लाल करायचा. हिरवा द्यायचा की लाल, ते कणाचं माप ठरवतं. या कणांसाठी मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे टीव्हीच्या मागच्या एका दिव्यावर दोन नोबेलं खर्ची पडली, आणि आपण रिमोटवर ‘व्हिव्हिड’ दाबतो.

गट शेकडो असले तरी हिशेब करून बघा. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. गट ५०० असतील तर एका गटाच्या वाट्याला सुमारे साडेसोळा हजार. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आलं की अख्खा गट पेटतो आणि अक्षराभोवती धुरकट उजेड दिसतो. मुलगा म्हणाला, हे दुकानात दिसलं नाही. दुकानात कधीच दिसत नाही. तिथे फुलपाखरं आणि समुद्र लावलेले असतात.

तिसरा साधा. त्यात आणि जुन्यात फरक एवढाच, की याचे दिवे नवे. मग जुन्याचेच दिवे नवे केले तर?

पण खरा मुद्दा मी नंतर काढला. काकांचा हॉल पश्चिमेचा. दुपारी चारला बाल्कनीच्या काचेतून ऊन थेट टीव्हीच्या भिंतीवर. मी खोलीतला उजेड मोजायचा लक्समीटर धरला: ९०० लक्स. रात्री ट्यूब लावून ८०. आता पडदा कितीही भारी असला तरी खोलीतला थोडा उजेड परत फेकतोच. तो दोन टक्के धरा. लक्सला या दोन टक्क्यांनी गुणून पायने, म्हणजे ३.१४ ने भागलं की पडद्यावर चढलेला फुकटचा उजेड निटमध्ये मिळतो. दुपारी तो ५.७ निट. आयपीएस जातीच्या जुन्या पॅनेलचं स्वतःचं काळं २५० निटच्या पांढऱ्यावर पाव निट, ओएलईडीचं शून्य. दुपारी पांढऱ्या-काळ्यातला फरक जुन्यात ४२ पट, आणि तेवढ्याच उजेडाच्या ओएलईडीत ४४ पट. एवढ्या पैशांत फक्त ४२ चे ४४ झाले. रात्री, दिवे लावून, ३३० आणि ४९०. हा फरक दिसतो, पण खोक्यावर लिहिलेल्या ‘अनंत’पासून तो बराच लांब आहे.

६०० निट देणारा मिनी-एलईडी दुपारी १०५ पटांवर जाईल. आणि जाड पडदा ओढून लक्स १५० वर आणले तर? जुनाच टीव्ही २०८ पटांवर. मुलाने हे गणित मोबाइलवर दोनदा तपासलं.

काकू आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मी ओट्याजवळून बघते. मला नीट दिसलं पाहिजे." हा मुद्दा कुणाच्याच तक्त्यात नव्हता. ओटा टीव्हीच्या बराच तिरका आहे. जुनं आयपीएस पॅनेल बाजूने बघितलं तरी रंग धरून ठेवतं. मुलाने बघितलेला मिनी-एलईडी व्हीए जातीचा होता. त्याचं काळं समोरून कितीतरी गडद, पण बाजूने चित्र फिकं पडतं. दिवसातले चार तास काकू बघतात, त्याही तिरक्या. माझ्या मते तिथेच निकाल लागला. त्यांनी तो लावला, मी आकडेमोड करत बसलो होतो.

जोडणी

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेलो. मॉडेल क्रमांक सांगून चालत नाही, जुनी पट्टी हातात घेऊन जायची आणि लांबी, दिव्यांची संख्या, कनेक्टर, व्होल्ट ताडून घ्यायचे. तीन व्होल्टच्या जागी सहाची पट्टी घेऊन परतलेले लोक मी पाहिलेत. चार पट्ट्यांचा संच ९५० रुपयांना मिळाला. एकच मेलेला दिवा बदलून ८० रुपयांतही भागलं असतं, पण जुन्यात एक नवा बसवला की तिथे उजेडाचा ठिगळ दिसतो, आणि उरलेले एकतीस त्याच वाटेवर असतात. सगळ्याच बदलल्या.

मग ड्रायव्हरचा प्रवाह कमी केला. प्रवाह किती, हे ठरवणारे तीन सारखे रोध (रेझिस्टर) समांतर होते. त्यातला एक काढला, प्रवाह दोन-तृतीयांशावर आला. उजेड तेवढा घटत नाही, कारण कमी प्रवाहावर एलईडी जास्त काटकसरीने चालतो. काही दुरुस्तीवाले हे गिऱ्हाइकाला न सांगता करतात. मी काकांना आधी विचारलं आणि आधीचा-नंतरचा उजेड शेजारी कागद धरून दाखवला. सुताराला बोलावून कोनाड्याच्या वरची फळी काढवली. बॅकलाइट दिवसा ७०, रात्री ४०. पट्ट्या, मजुरी, सुतार आणि बाल्कनीचा जाड पडदा, सगळं मिळून खर्च सहा हजारांच्या आत आला, आणि त्यातला निम्म्याच्या जवळपास पडद्याचा. "टीव्हीच्या पडद्यापेक्षा खिडकीचा महाग," काका म्हणाले.

जुन्या पट्ट्या मी नातीला दिल्या. ती अकरावीत आहे, तिला त्यातला करपलेला निळा दिवा मैत्रिणींना दाखवायचा होता.

नंतर

मुलाने दिवाळीत मिनी-एलईडी घेतलाच, स्वतःच्या वाकडच्या घरी. त्यांची बैठक उत्तरेची, सोफा टीव्हीच्या बरोबर समोर, सगळे रात्रीच बघतात. तिथे तो शोभतो. काका भाऊबिजेला जाऊन आले आणि मला फोन करून म्हणाले, "चित्र झकास आहे रे. पण खालची अक्षरं कॅलेंडरवरच्या संतांसारखी दिसतात. मागे तेजोवलय." पाचशे गटांचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

त्याच फोनवर त्यांनी विचारलं की यापुढे काय. मी सांगितलं, पुढचं म्हणजे मागचंच आहे. सोनीने २००४ मध्ये क्वालिया नावाचा टीव्ही काढला होता, एलईडीचा बॅकलाइट असलेला पहिला, आणि त्यात पांढरे नव्हे तर लाल, हिरवे आणि निळे असे वेगवेगळे दिवे होते. फार महाग पडला, आणि बाजार स्वस्त पांढऱ्या एलईडीकडे वळला. २०२५ मध्ये तीच कल्पना बारीक दिव्यांच्या रूपात परत आली: हायसेन्सने जानेवारीत लास वेगासला ११६ इंची दाखवला, ऑगस्टमध्ये सॅमसंगने ११५ इंची आणला. गट नुसता मंद-प्रखर होत नाही, रंगही बदलतो. झाडाच्या मागे हिरवा दिवा, रक्ताच्या मागे लाल. गाळणीत वाया जाणारा उजेड वाचतो. आणि त्यात फॉस्फर नाही, म्हणजे करपून निळं पडायचं कारणही नाही. काका म्हणाले, "११५ इंच आमच्या हॉलमध्ये ठेवायचा तर आम्ही बाल्कनीत बसायचं."

डिसेंबरमध्ये त्यांचा डावा डोळाही झाला. जानेवारीत मी रंगाचं सेटिंग बघायला गेलो. दुरुस्तीनंतरही उजव्या डोळ्याने टीव्ही डाव्यापेक्षा किंचित निळा दिसायचा, म्हणजे डॉक्टरही बरोबर होते आणि काकाही. दोन्ही डोळ्यांना बरं वाटावं म्हणून तेव्हा मी मधलं सेटिंग ठेवलं होतं. आता दोन्ही भिंगं नवी. मी पांढरा पडदा लावला, काकांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हींत सारखाच. रंग ‘वॉर्म’ वर नेऊन ठेवला, त्यांनी मान डोलावली.

मी निघताना काकू टीव्ही पुसत होत्या. तिसऱ्या पट्टीवर नवी लेन्स बसून तीन महिने झाले, डाग केव्हाच गेला आहे. फडकं त्या जागी मात्र अजून दोनदा फिरतं.